लाल पडलेल्या पुंगळ्या

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पुंगळ्या निवडणं. बंदुकीचा बार उडाला की काडतुसाचं पितळेचं नळकांडं मागे राहतं, ती पुंगळी. नेमबाजीच्या रेंजवर त्यांचा सडा पडतो. त्या गोळा करायच्या, साफ करायच्या, वाळवायच्या, आणि मग त्यात नवा बार भरून पुन्हा वापरायच्या. बार भरणं साहेबाचं काम, कुलपाच्या खोलीत. तिथे मला जायला परवानगी नाही. साफ करणं माझं. झल्लाकच्या रस्त्यावरून आत वळलं की वाळूत एका बहारिनी मालकाची खासगी रेंज आहे, तिथे मी हे काम बरीच वर्षं करतोय. मागच्या बाजूला आमची दोन खोल्यांची पोर्टाकॅबिन. म्हणजे आमची होती. आता माझी.

बुधवार होता. जेवणं झाल्यावर बायको भांडी आवरून आली, शेडमध्ये पालथ्या क्रेटवर बसली आणि म्हणाली, "द्या हिकडं." मी पोतं तिच्या पुढ्यात उपडं केलं.

निवडायची रीत अशी. मुठीत पाच पुंगळ्या घ्यायच्या आणि कानाशी खुळखुळायच्या. सगळ्या धड असल्या तर आवाज टणटणीत येतो. एखादी तडकलेली असली तर अख्ख्या मुठीचा आवाज बसतो. मग त्या पाचातली आजारी कोण ते एकेक वाजवून शोधायचं. हे मी तिला शिकवलेलं नाही, तिने मला शिकवलं. तिच्या माहेरी, खेडच्या बाजूला, घर शाकारायच्या आधी प्रत्येक कौल टिचकी मारून वाजवून घ्यायचे. बद्द वाजलं की बाजूला. ती पहिल्यांदा शेडमध्ये आली त्या दिवशी तिने गंमत म्हणून मूठभर उचलल्या, खुळखुळवल्या आणि एक काढून माझ्यापुढे टाकली. चष्मा लावून बघितलं तर तोंडाशी केसाएवढी चीर. तोवर मी नुसत्या डोळ्यांनी शोधत होतो. माझ्या हातून किती तडकलेल्या पुढे गेल्या असतील, अल्लाच जाणे.

तेव्हापासून निवडायला ती यायची. तिला कोणी नेमलं नव्हतं.

"ही बघा, ही आजारी हाय," त्या बुधवारी ती म्हणाली.

"दाखव. मला तर चांगली दिसते."

"दिसण्यावर जाऊ नका. दिसायला तुमी पण बरेच होताव."

"आणि वाजवून घेतलं असतंस तर?"

"तर माझ्या बापाने कौलांसारखं बाजूला ठेवलं असतं," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. हसताना एकदा डावा खांदा दाबला. मी विचारलं, काय गं? ती म्हणाली, काय नाय, पोतं उचललं म्हणून. पोतं मी उचललं होतं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी गाढव, मी पुढची मूठ घेतली.

सहाशे पुंगळ्या तिने चांगल्या म्हणून काढल्या. पाच-पाचाने मोजून, दोनशे-दोनशेचे तीन ढीग केले. शुक्रवारी मालक आणि त्याच्या घरची माणसं नेमबाजीला येणार होती, त्यांच्यासाठी. ह्या सहाशे पुंगळ्या पुन्हा बंदुकीत जायच्या की नाही, ह्यावरून दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडलो. तिला मातीत ठेवायचं त्या दिवशी. आमच्यातली माणसं अजून बोलतात, बायकोची मय्यत दवाखान्यात आणि हा म्हातारा पितळेवरून भांडत बसला, डोकं फिरलं त्याचं. म्हणून लिहितोय. चौथीपर्यंत शिकलोय, घरात गावची बोली बोलतो, पण एवढं लिहिता येतं मला.

तीन ढीग का, ते सांगतो. आमचा साहेब म्हणजे सुपरवायझर, पुण्याचा इंजिनियर, पस्तिशीचा. मला चाचा म्हणतो, तिला चाची म्हणायचा. माणूस वाईट नाही. पण मोबाइलमध्ये बघितलं की सगळं येतं असं त्याला वाटतं. मालकाने त्याला सांगितलं होतं की पुंगळ्या साफ करायची सगळ्यात चांगली पद्धत कुठली ते एकदा ठरव आणि तीच धर. मग साहेबाने फर्मान काढलं. तीन पद्धती, प्रत्येकीला दोनशे पुंगळ्या, एकाच दिवशी, आणि मग शेजारी शेजारी ठेवून बघायचं.

पहिली पद्धत कोरडी. टंबलर नावाचं एक थरथरणारं भांडं असतं. त्यात मक्याच्या कणसाचा दांडा दळून केलेला भुसा टाकायचा, वर पुंगळ्या, झाकण लावायचं आणि तीन-चार तास थरथरू द्यायचं. बाहेरून पुंगळी चकचकीत निघते. आतून काळीच. बुडाशी जिथे बार पेटवणारी टिकली बसते त्या खळग्यात भुशाचा कण अडकून बसतो, तो सुईने काढत बसा. आणि झाकण उघडलं की जी धूळ उडते ती नुसती धूळ नाही, त्यात शिसं असतं. मी तोंडाला मास्क बांधतो. माझे कामाचे कपडे ती वेगळ्या बादलीत धुवायची, बाकीच्या कपड्यांना लागू द्यायची नाही. दिसायला सगळ्यात भारी आणि कामाला सगळ्यात खोटी अशी ही पद्धत. साहेबाला फोटो काढायला तीच आवडायची.

दुसरी ओली. फिरणारा ड्रम, त्यात पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, चिमूट लिंबूसत्त्व आणि स्टीलच्या बारीक तारांचे तुकडे, सुईच्या अर्ध्याएवढे. तासभर फिरवा. पुंगळी आतून, बाहेरून, खळग्यातून नवी होऊन निघते. धूळ नाही. त्रास एवढाच की पाणी नीट काढून टाकायचं, एकेक पुंगळी झटकून आतली तार काढायची, आणि चांगलं वाळवायचं. थेंबभर ओल राहिली तर भरलेला बार बाद. मला विचाराल तर हीच खरी. साहेबाने ड्रम पहिल्यांदा आणला तेव्हा ती बघत उभी राहिली होती. म्हणाली, "साहेब, हिला माझी सून करून देता काय? भांडी बरी घासेल."

"चाची, तुमचा मुलगा हिच्याशी लग्न करेल का?"

"करेल की. इंग्लिशमदी घरघर करते, त्याला कळेल."

आमचा मुलगा इथेच वाढला, इंग्लिश शाळेत. अदलियाला एका ऑफिसात हिशेब बघतो. मराठी कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये देतो. ह्यावरून ती त्याला कायम टोचायची.

तिसरी पद्धत भिजवण्याची. ही साहेबाने काही महिन्यांपूर्वी मोबाइलमधून काढली. मशीन नको, वीज नको. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवायचं, पुंगळ्या बुडवायच्या, दहा-पंधरा मिनिटांत काढून धुवायच्या. काळं निघून जातं. खरं आहे, निघतं. पण वेळ चुकली की आंबट पाणी पितळालाच खातं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पाणी जस्त ओढून घेतं, तांबं मागे राहतं, आणि पुंगळी लालसर पडते. लाल पडलेली पुंगळी दिसायला धड, आतून भुसभुशीत. बंदुकीत फुटली तर मागे कोणाचं तरी तोंड असतं.

हे साहेबाला आधी तिने सांगितलं होतं, मी नाही.

"साहेब, चिंचेत पितळेची ताटली रातभर ठेवलीव तर सकाळी तांब्याची दिसते. तसं करू नका."

"चाची, हे सायन्स आहे. चिंच वेगळी."

"मग चिंच काय हाय? जादू?"

साहेब हसला. हसला आणि म्हणाला की ह्या वेळी लवकर व्हावं म्हणून आपण सत्त्व दुप्पट टाकू, दहा मिनिटांत काढायचंच आहे. मी ऐकलं. नोकर माणूस, ऐकलं. टब उन्हात ठेवला होता, पाणी अंगाला चटका बसेल इतकं तापलेलं. दुप्पट सत्त्व आणि तापलेलं पाणी. दहा मिनिटं म्हणजे दहाच मिनिटं.

आता माझी दहा मिनिटं मोजायची रीत. मी घड्याळ लावत नाही, आंबट पाण्याने दोन खराब झाली. मी नमाजने मोजतो. पुंगळ्या पाण्यात टाकायच्या, हातपाय धुऊन वजू करून आलेलं असायचं, असरच्या म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजच्या चार रकात, चार फेऱ्या, शांतपणे पढायच्या, शेवटी दोन्हीकडे मान वळवून सलाम फेरला की उठून टब रिकामा करायचा. कधी चुकलं नाही. ती म्हणायची, पितळाला पण सवाब, पुण्य मिळतं तुमच्यामुळे.

त्या दिवशी कोरडं टंबलर चालू होतं. ड्रमचं काम आटोपलं होतं, त्यातल्या दोनशे कापडावर वाळत होत्या. असरची बांग झाली. मी तिसरा ढीग टबात सोडला आणि शेडच्या सावलीत चटई टाकली.

"तुमी पढा. मी बघते टबाकडं," ती म्हणाली. तिचं असर माझ्यानंतर, टब रिकामा झाल्यावर, हे ठरलेलं.

मी दुसऱ्या रकातीत होतो. मागून तिची हाक आली. "अवो."

एकदाच.

नमाजला उभ्या असलेल्या माणसाला हाक मारू नये हे तिला पाळण्यापासून शिकवलेलं. चाळीस वर्षांच्या वर संसार केला, तिने मला नमाजात एकदाही हाक मारली नव्हती. भात करपला तरी नाही. मुलगा झोक्यावरून पडला तेव्हासुद्धा मी सलाम फेरीपर्यंत ती त्याला उचलून माझ्यासमोर उभी राहिली होती, शब्द नाही. आणि त्या दिवशी तिने हाक मारली. मला कळायला नको?

मला वाटलं टबाचं सांगतेय. काहीतरी दिसलं असेल तिला पाण्यात. मी मनात म्हटलं, थांब जरा, होतंच आलंय. आणि मी पुढे पढत राहिलो. दोन रकात अजून बाकी होत्या, त्या घाई न करता पढलो. तिने परत हाक मारली नाही, म्हणजे काही मोठं नाही असं मी धरलं. ती परत मारणार नव्हतीच. ती का मारणार नाही हे माझ्याइतकं जगात कोणाला माहीत नव्हतं.

सलाम फेरला आणि वळलो. ती क्रेटवरून खाली सरकून पत्र्याला पाठ टेकून बसली होती. एक हात छातीवर. ओठ काळे-निळे.

"झाली का तुमची?" तिने विचारलं.

"झाली. काय होतंय तुला?"

ती माझ्याकडे बघत होती, बस.

साहेबाने गाडी काढली. मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर. मगरिबच्या आत, दिवस बुडायच्या आधी, सगळं खलास.

दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, अटॅक मोठा होता, चार-पाच मिनिटांनी काही फरक पडला नसता. मी म्हटलं, हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही होता का तिथे? मुलगा म्हणाला, "अब्बा, प्लीज." मी बाकावर जाऊन बसलो. पण अजूनही विचारतो. फरक पडला नसता हे कसं कळलं?

मग माणसं आली. परक्या मुलखात आपली माणसं लगेच धावून येतात, ते मी नाकारत नाही. कागदपत्रं त्यांनीच केली, कबरस्तानचं त्यांनीच बघितलं. पण त्यांची तोंडं! एकजण माझा हात धरून म्हणाला, किती नशीबवान बाई, नवरा नमाजात असताना अल्लाचं बोलावणं आलं. दुसरा म्हणाला, तुम्ही नमाज मोडली नाहीत, ईमान पक्कं तुमचं. मला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं. जीव जात असेल तर नमाज मोडायची, हा आपल्याच दीनमध्ये हुकूम आहे. मोडायची, धावायचं, नंतर परत पढायची. हे मला ठाऊक होतं. मौलवीला विचारायची गरज नव्हती. लहान असताना गावाला विहिरीवर माझ्या बापाने नमाज मोडून शेजाऱ्याची म्हैस धरली होती, तोल जाऊन आत पडत होती म्हणून. म्हशीसाठी मोडली. आणि मी माझ्या बायकोसाठी मान वळवली नाही. ह्याला ईमान म्हणतात? मला म्हणू द्या, ह्याला अक्कल गहाण ठेवणं म्हणतात.

तिचाही राग येतो. हे लिहायला बरं वाटत नाही पण येतो. खांदा दुखत होता तर सांगायचं होतं. पोतं उचललं म्हणे. आणि एकदाच का हाक मारलीस? ओरडायचं होतं. पुंगळी फेकून मारायची होती माझ्या पाठीत. सहाशे होत्या पुढ्यात.

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरला मी उठलो, वजू केला, चटईपर्यंत गेलो आणि उभा राहू शकलो नाही. पाय चटईवर ठेववेना. पढलो नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. आणि तिथेच, चटईच्या कडेला ऊन वर येईपर्यंत उभा असताना, मला टब आठवला.

काल असरपासून पुंगळ्या पाण्यात होत्या.

मी चप्पल न घालता शेडकडे गेलो. दफन दुपारी जोहरनंतर ठरलं होतं, नऊ वाजता मुलगा मला दवाखान्यात न्यायला येणार होता, घरात दोघं-तिघं पाहुणे झोपलेले. शेडमध्ये साहेब आधीच आलेला. बिचारा माझ्या मदतीला म्हणून पहाटेच आला होता, उद्याची नेमबाजी होती आणि मी त्या दिवशी कामाला लागणार नाही हे त्याने धरलेलं. त्याने टब ओतला होता. पुंगळ्या धुतल्या होत्या. टंबलरही त्यानेच बंद केलं होतं. आणि तिन्ही ढीग एकत्र करून मोठ्या चादरीवर उन्हात पसरले होते. सहाशे एकाच जागी.

"हे काय केलंस?" मी म्हटलं. मी त्याला कधी अरेतुरे केलेलं नाही. त्या दिवशी केलं.

"चाचा, तुम्ही कशाला आलात? घरी बसा. मी करतो सगळं."

"टबातल्या कुठे आहेत?"

"ह्यातच. एकदम मस्त निघाल्यात, बघा. वाळल्या की भरायला घेतो."

"त्या भरायच्या नाहीत. त्या अख्खी रात्र आंबट पाण्यात होत्या."

"थोडा गुलाबी रंग आलाय काहींना. तो वरवरचा असतो, चाचा. मी वाचलंय."

मी चादरीवरून एक उचलली. सकाळच्या उन्हात रंग लपत नाही. तांब्याच्या लोट्यासारखी लाल. खिशातली पकड काढली आणि तिचं तोंड दाबलं. धड पितळ दाबलं तर वाकतं. ही वाकली नाही, कडेने चिरली. दुसरी घेतली, तीही चिरली. मग ड्रममधली एक पिवळी घेतली, दाबली, ती दुमडली, चीर नाही. तिन्ही त्याच्या हातात दिल्या.

"हे वाच," मी म्हटलं.

त्याने त्या बोटांत फिरवल्या. मग जे म्हणाला ते मला अजून लागतं. त्याला लागावं म्हणून म्हणाला नसेल, पण लागलं. म्हणाला, "पण चाचा, चाचींनी निवडल्या होत्या ना सगळ्या? तुम्हीच म्हणालात, एकही तडकलेली नाही."

"तिने निवडल्या तेव्हा चांगल्याच होत्या. मी वाईट केल्या."

त्याने तिन्ही पुंगळ्या खाली ठेवल्या. मी चादरीपाशी बसलो आणि लाल वेगळ्या काढायला लागलो. टबात दोनशे होत्या. म्हणजे लाल दोनशे सापडल्या पाहिजेत. तिने मोजलेल्या होत्या, त्यात चूक नसणार. पाच-पाच करून काढत गेलो. पहिल्या शंभर-सव्वाशे सोप्या होत्या. मग अवघड झालं. काही पुंगळ्या टबात खाली दडपलेल्या असणार, त्यांचा रंग अर्धवट. काही टंबलरमधल्या भुशाने पिवळ्याधमक झालेल्या, त्यांच्यावर ऊन पडलं की त्याही लालसर भासायच्या. डोळ्यातून पाणी येत होतं, त्याने अजून बिघडलं. वाजवून बघितल्या, पण वाजवून हे कळत नाही. चीर वाजते, आजार वाजत नाही. तिने नुसतं बघून सांगितलं असतं. चिंच आणि पितळ तिने आयुष्यभर बघितलेलं.

दोन तास निवडून मोजलं. एकशे शहाण्णव, पकडीने तोडलेल्या दोन धरून.

परत सगळ्या पिवळ्यांवरून हात फिरवला. टबाच्या बुडाशी बघितलं, मोरीच्या जाळीत बघितलं, चादर झटकली. चार नाहीत. चार लाल पुंगळ्या त्या चारशे चांगल्यांमध्ये कुठेतरी पिवळ्या होऊन बसल्या होत्या.

तेवढ्यात मुलगा आला. गाडी बाहेर, हॉर्न दिला. मी उठलो नाही म्हणून आत आला.

"अब्बा, एव्हरीबडी इज वेटिंग. काय चाललंय?"

"चार सापडत नाहीत."

"अब्बा, लीव्ह इट. इट्स जस्ट ब्रास." मग त्याला काय वाटलं कोण जाणे, खाली वाकला आणि मराठीत म्हणाला, "अम्मीच्या हातच्या आहेत म्हणून? मग थोड्या ठेवू या ना घरी. डब्यात."

चांगल्या मनाने म्हणाला. पण मी ओरडलो त्याच्यावर. म्हटलं, डब्यात ठेवलेली पुंगळी एक दिवस कोणाच्या तरी हाताला लागते, आणि पितळ बघून कोणीतरी ती भरतं. ठेवायला ती काय फोटो आहे?

मी उठून ऐरण ओढली. शेडमध्ये एक लहान ऐरण आहे, रेल्वेच्या रुळाचा तुकडा. हातोडा घेतला. आधी लाल एकशे शहाण्णव ठेचल्या. एक घाव, चपटी, डब्यात. साहेब बाजूला उभा होता, त्याची हरकत नव्हती. मग मी पिवळ्यांच्या ढिगाला हात घातला तेव्हा तो पुढे आला.

"चाचा! त्या चांगल्या आहेत."

"चार नाहीत."

"चारसाठी चारशे ठेचणार? उद्या लोक येणार आहेत. मी मालकाला काय सांगू?"

"सांग म्हाताऱ्याने ठेचल्या. सांग बायको मेली आणि डोकं फिरलं. लोक म्हणणारच आहेत, तू पण म्हण."

"मी तसं नाही म्हणत. पण काहीतरी लॉजिक..."

"ज्याच्या हातात फुटेल त्याला एकच पुरते. तू धरशील उद्या बंदूक? तुझ्या तोंडासमोर? ह्यातली कुठलीही उचलतो, भर, आणि तूच उडव. आहे तयारी?"

तो एक पाऊल मागे सरला. खरं सांगतो, त्याची तयारी असती तर मी त्यालाही थोबाडलं असतं.

मुलगा मधे पडला. मला उठवायला नाही. त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि ढिगातून पाच-पाच उचलून ऐरणीवर ठेवायला लागला. मी म्हटलं, कपडे खराब होतील, मय्यतीला जायचंय. तो म्हणाला, "होऊ देत." मी घाव घालत राहिलो. ड्रममधल्या, आतून-बाहेरून नव्या झालेल्या, कसली सुंदर कामं होती ती. टंबलरमधल्या चकचकीत. सगळ्या. साहेब जरा वेळ फोन हातात घेऊन उभा होता, मग त्याने फोन खिशात ठेवला आणि भरलेला डबा उचलून रिकामा लावला.

काही घाव चुकून माझ्या अंगठ्यावर बसले. रागात हातोडा सरळ बसत नाही. प्रत्येक घावाला मी मनात कोणाला तरी शिवी देत होतो, दवाखान्यातल्या त्या बाईला, हात धरून नशीबवान म्हणणाऱ्याला, साहेबाच्या मोबाइलला, स्वतःला सगळ्यात जास्त. तिला पण एक-दोन. शेवटी शेवटी शिव्या संपल्या आणि नुसता आवाज राहिला.

शेवटच्या पाच उरल्या तेव्हा मुलगा थांबला. त्याने त्या मुठीत धरल्या, कानाशी नेल्या आणि खुळखुळवल्या. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, आईला करताना बघितलं असेल. माझ्याकडे बघितलं.

"ठेव इकडे," मी म्हटलं.

त्याने ठेवल्या. मी ठेचल्या. डबे साहेबाने भंगाराच्या पिंपात ओतले. मग मी नळावर गेलो, साबणाने हात धुतले, शिशाचा काळा मळ नखांतून जाईपर्यंत परत परत धुतले, मुलाचेही धुवून घेतले, आणि त्याच्या गाडीत बसून तिला आणायला गेलो.